मुका तास

हंस कापायला वालेंटी डोर्नरने सुरी उचलली, हंसाच्या छातीवर टेकवली आणि पुन्हा ताटाशेजारी ठेवून दिली.

"आधी तुमचं होऊन जाऊ द्या, जावईबापू," तो म्हणाला. "चर्चमधून निघाल्यापासून बघतोय, तुमच्या पोटात काहीतरी अडकलंय. ते बाहेर आल्याशिवाय माझा हंस तुमच्या पोटात जायचा नाही."

कुनेगुंडाने नवऱ्याकडे पाहिलं. ऑगस्टने हातरुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. रेल्वेत माणसाने कितीही वर्षं काढली तरी दुसऱ्याच्या गाडीला लाल बावटा दाखवायची वेळ आली की हात जड होतोच.

"जेवण झाल्यावर बोललो असतो, दादा," ती भावाला म्हणाली.

"म्हणजे तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग दोघांपैकी कुणीही बोला. फक्त आमच्या भाषेत बोला."

"अहो, सणाचा दिवस आहे!" टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून योझेफा म्हणाली. ती मुलाच्या, सेवेरिनच्या, ताटात आंबवलेला कोबी वाढत होती. तो पळीतच राहिला.

संत मार्टिनचा दिवस डोर्नरांच्या घरी कधी चुकला नव्हता. हंस भाजायचा, खसखस भरलेले घोड्याच्या नालेसारखे गोड पाव करायचे, सकाळचा घाणा घरच्यांना आणि दुपारचा वाटायला. शहरात लग्न करून गेलेली कुनेगुंडा आणि तिचा जर्मन नवरा या दिवशी यायचेच. गेली सात वर्षं सेवेरिनही त्यांच्याबरोबर यायचा, कारण पोझ्नानच्या वरच्या शाळेत शिकायला तो आत्याकडेच राहत होता. ईस्टरला त्याची शेवटची परीक्षा होती. ती झाली की तो डॉक्टरकी शिकायला मोकळा. आजवर डोर्नरांच्या घरात कोबी आणि गाजरांपलीकडे कुणी काही शिकलं नव्हतं.

"मला मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं," ऑगस्ट म्हणाला. पोलिश बोलताना तो प्रत्येक शब्द पाय टाकण्याआधी चाचपून बघायचा. "सेवेरिन माझ्या घरी राहतो ना, म्हणून मला. वरून हुकूम आहे. ज्या घरातलं मूल गावच्या शाळेत धर्माच्या तासाला गप्प बसतं, त्या घरातला मुलगा वरच्या शाळेत राहणार नाही. उद्या पेलाने उत्तर दिलं पाहिजे. नाही दिलं, तर सेवेरिनचं नाव काढतील. आणि एकदा नाव काढलं की प्रशियाच्या राज्यातली दुसरी कुठली शाळा त्याला घेणार नाही."

स्वयंपाकघरातून खसखस वाटल्याचा घर्रघर्र आवाज येत होता. सेवेरिनच्या धाकट्या बहिणीला, दहा वर्षांच्या पेलाला, मुद्दाम तिकडे धाडलं होतं.

शरद ऋतूत शाळा उघडल्या तेव्हापासून धर्माचा तासही जर्मनमध्ये सुरू झाला होता. गणित, भूगोल, कवायत, गाणी हे सगळं जर्मनमध्ये आधीपासूनच होतं आणि मुलं ते मुकाट्याने करत होती. पण धर्माच्या तासाला गेर्लाख मास्तरांनी जर्मनमध्ये प्रश्न विचारला की अख्खा वर्ग बाकावर हात ठेवून गप्प बसायचा. छड्या झाल्या, दुपारपर्यंत कोंडून ठेवणं झालं. गावोगाव हेच चाललं होतं. कोंडलेल्या मुलांसाठी आया गरम बटाटे आणि दही-चक्का घेऊन शाळेच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. त्यांत योझेफाही असायची. पण ही आग आपल्या मुलाच्या परीक्षेपर्यंत पोचेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"आणखी आहे," कुनेगुंडा म्हणाली. "सगळं सांगा त्यांना."

"एक वाट आहे." ऑगस्टने घसा साफ केला. "इन्स्पेक्टरसाहेबांनी आडनाव पाहिलं. डोर्नर. ते म्हणाले, हे तर बांबेर्गहून आलेले लोक, मूळचे जर्मन. चुकून पोलिशांच्या वर्गात बसलेत. वालेंटीने उद्या शाळेत येऊन एवढंच म्हणायचं की आमचं घर जर्मन आहे, पोरगी इतरांच्या नादाने गप्प बसली. मग तिला जर्मन मुलांच्या गटात बसवतील. झालं गेलं विसरतील. सेवेरिन परीक्षा देईल."

वालेंटी हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"ऐकलंस का, योझेफा? तू एका जर्मनाशी लग्न केलंस! इतकी वर्षं सांगितलं नाही मी तुला."

"हसू नका," योझेफा म्हणाली.

"मग काय करू? प्लेगात ओस पडलेली ही गावं नांगरायला माझा खापरपणजा आला, त्याला दीड-दोनशे वर्षं झाली. त्याच्या नातवाला जर्मनमध्ये शिवीसुद्धा देता येत नव्हती. आणि आज एक साहेब उठतो आणि मला सांगतो मी कोण ते!"

तेवढ्यात अंगणातलं कुत्रं भुंकलं आणि दारात लिस्नर उभे राहिले. पिसांचे व्यापारी, शेजारच्या गल्लीतले, वालेंटीच्या वडिलांचे मित्र. हंस कापले की डोर्नरांची पिसं त्यांच्याकडेच जायची.

"यहुदी माणूस रविवारी आला तर चालतं ना?" टोपी काढत ते म्हणाले. "पोती उद्या नेईन. आज नुसता चहा प्यायला आलोय. पण इथे तर मयताला बसल्यासारखे बसलात सगळे. कोण गेलं?"

"माझं पोलिशपण गेलं, लिस्नरकाका," वालेंटी म्हणाला. "बसा. तुम्हाला कळवायचं राहिलं, आम्ही जर्मन आहोत."

लिस्नरांनी सगळं ऐकून घेतलं. योझेफाने त्यांच्यापुढे काचेच्या पेल्यात चहा ठेवला. या घरात ते दुसऱ्या कशाला हात लावत नसत आणि कुणी आग्रहही करत नसे.

"तुझा बाप," ते वालेंटीला म्हणाले, "कचेरीत जायचं झालं की माझ्या दारात येऊन उभा राहायचा. 'लिस्नर, चल, साहेब काय म्हणतो ते मला समजावून सांग.' डोर्नर नावाच्या माणसाचं बोलणं जर्मन साहेबाला समजावून द्यायला एक यहुदी लागायचा! अख्खी कचेरी हसायची. तू उद्या तिथे उभा राहून 'आमचं घर जर्मन' म्हणालास, तर त्यातले जे म्हातारे जिवंत असतील ते अजून हसतील."

"हसू देत," योझेफा म्हणाली.

तिचा आवाज इतका शांत होता की सगळे तिच्याकडे वळले.

"लोक हसले म्हणून कुणी मरत नाही. हा पोरगा पहाटे उठून ग्रीक घोकत बसतो, मी बघते, सुट्टीत घरी आला तरी. सात वर्षं. परीक्षेला हिवाळा तेवढा उरलाय. मी पण खिडकीशी उभी राहिले, सगळ्यांच्या बरोबरीने उभी राहिले. पण ज्या बायका माझ्या शेजारी उभ्या असतात ना, त्यांतल्या एकीचाही मुलगा वरच्या शाळेत नाही. त्यांना काय गमवायचंय? तुम्ही फक्त एक वाक्य बोला. तुमच्या पाया पडते."

वालेंटीचा चेहरा उतरला. बहिणीच्या नवऱ्यावर ओरडणं त्याला सोपं होतं. बायकोपुढे त्याला कधीच काही सुचायचं नाही.

"वहिनीचं बरोबर आहे," कुनेगुंडा म्हणाली. "दादा, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आडनाव आहेच की तसं."

"तू तर बोलूच नकोस. तुझं आडनाव आता ब्रांट."

"दादा!"

"मला विचारणार आहे का कुणी?" सेवेरिन म्हणाला.

आत्तापर्यंत तो ताटाकडे बघत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी रडू दाबताना व्हायचे तसे, कुनेगुंडाच्या मनात आलं.

"गावातला जो तो मला रस्त्यात थांबवून सांगतो, तुझी बहीण किती धीट. पाद्रीबाबा सांगतात. पोस्टमन सांगतो. माझ्या परीक्षेच्या जिवावर सगळे शूर झालेत! तिला काय कळतं? दहा वर्षांची पोर. बाकीची गप्प बसतात म्हणून ही गप्प बसते. मला परीक्षा द्यायचीय. मला डॉक्टर व्हायचंय. हे म्हटलं की मी लगेच देशद्रोही का?"

"कुणी म्हटलं तसं?" वालेंटी म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता. त्याने सुरी उगीचच फिरवून ठेवली. "उद्या किती वाजता यायचं म्हणाले इन्स्पेक्टर?"

म्हणजे झालं. योझेफाने डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रनचा कोपरा लावला. लिस्नर चहात बघत राहिले.

कुनेगुंडाला भावाचा तो प्रश्न आवडला नाही. तिला हवं तेच घडत होतं, तरी आवडला नाही. बाप गेला तेव्हासुद्धा वालेंटीचे खांदे असे पडले नव्हते.

"थांबा," ती उठली. "मी पेलाशी बोलते. तिने आपणहून उत्तर दिलं, तर दादाला कुणापुढे उभं राहून काही कबूल करायला नको. पोरगी माझं ऐकते."

स्वयंपाकघरात चूल धगधगत होती. पेला जमिनीवर बसली होती, मातीचं खरबरीत कुंडं दोन्ही पायांत धरून. भिजवलेली पांढरी खसखस ती लाकडी बत्त्याने गोल गोल वाटत होती. कुनेगुंडा तिच्याशेजारी बसली आणि बसल्या बसल्या तिला काहीतरी खटकलं.

"डाव्या हाताने कधीपासून वाटायला लागलीस गं?"

"सवय करतेय."

"उजवा दाखव."

"खसखस लागलीय त्याला, आत्या."

कुनेगुंडाने हात ओढून घेतला. बोटं सुजली होती, मधल्या पेरांवर निळसर वळ होते.

"आईला माहितेय?"

"आईला सांगितलं, बोटं दारात सापडली." पेलाने हात काढून घेतला. "सांगू नकोस हं. ती खिडकीशी येते ना, तेव्हा रडेल, मग बाकीच्यांच्या आया पण रडतात."

मग तिने ठरवलेलंच बोलायला घेतलं, शहरातून निघाल्यापासून जे मनात जुळवत आणलं होतं ते.

"पेला, तू हुशार आहेस. मला सांग, 'आमच्या स्वर्गातील बापा' हे जर्मनमध्ये म्हटलं तर देवाला कळणार नाही का?"

"कळेल. देवाला चिनी पण कळत असेल."

"मग?"

"आजोबांना नाही कळणार."

कुनेगुंडाला वाटलं होतं, पोरगी पाद्रीबाबांचं काहीतरी म्हणून दाखवेल. वर्तमानपत्रातलं काहीतरी, देशाबद्दल, भाषेबद्दल. त्याची उत्तरं तिने तयार ठेवली होती.

"आजोबांचं काय मध्येच?"

"मृतांच्या दिवशी पाद्रीबाबा म्हणाले ना, आपली प्रार्थना त्यांच्यापर्यंत पोचते. मी रोज त्यांच्यासाठीच म्हणते. त्यांना जर्मन येत नव्हतं. मी जर्मनमध्ये म्हटली, तर त्यांना वाटेल ही कुणीतरी दुसरीच मुलगी." पेलाने कुंड्याच्या कडेची खसखस बोटाने आत लोटली. "आणि जर्मनमध्ये ती ओळीत पण बसत नाही."

"कुठल्या ओळीत?"

"कोबीच्या."

पेलाने बत्ता ठेवला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर दाखवलं. बोटाने खड्डा, दोन बोटांनी रोप, मुठीने माती. आमच्या बापा. पुढचा खड्डा, रोप, माती. तू जो स्वर्गात आहेस. खड्डा, रोप, माती.

कुनेगुंडाला पाहायची गरजच नव्हती. तिच्या स्वतःच्या बोटांना ते येत होतं. डोर्नरांच्या घरातलं प्रत्येक मूल प्रार्थना तशीच शिकलं होतं, लागवडीच्या दिवसांत, बापाच्या मागे मागे ओळीतून सरकत. एका रोपाला एक तुकडा. बाप घाई करायचा नाही. चुकलं तर म्हणायचा, "शब्द विसरलीस ना? हातांना विचार. हात विसरत नाहीत." ओळीच्या शेवटी सगळ्यांनी उभं राहायचं, कंबर सरळ करायची आणि एकदम 'आमेन' म्हणायचं.

तिचा स्वतःचा मुलगा यान, महिनाभराचा होऊन गेलेला, याच गावच्या कबरस्तानात होता. त्याला पुरलं त्या दिवशी तिच्या तोंडून एकही शब्द फुटेना. तेव्हा तिने ओल्या मातीत बोट खुपसलं होतं. खड्डा, रोप, माती. मग शब्द आले. शेजारी ऑगस्ट त्याच्या भाषेत पुटपुटत होता. त्या दिवशी त्याने तिला 'माझ्यासारखं म्हण' असं म्हटलं नाही, आणि नंतरही कधी म्हटलं नाही.

"मास्तर ओरडतात तेव्हा मी बाकाखाली लावते," पेला सांगत होती. "ओळ पूर्ण झाली की भीती जाते."

"आणि त्यामुळे सेवेरिनला शाळेतून काढलं तर?"

हे कुनेगुंडा बोलून गेली आणि पोरीचा चेहरा पाहून तिला कळलं, की हिला हे कुणी सांगितलेलंच नाही. अख्खं घर पेलाबद्दल बोलत होतं, पण पेलाशी कुणी बोललं नव्हतं.

"दादाला कशाला? तो तर सगळी उत्तरं देतो."

"तू देत नाहीस म्हणून."

पेलाने कुंड्यातल्या पांढऱ्या लगद्याकडे पाहिलं. एक थेंब त्यात पडला. तिने तो घाईने बत्त्याखाली दडवला.

"मग मी म्हणते," ती म्हणाली. "उद्या म्हणते. पण आत्या, तू आजोबांना सांगशील ना? ती मीच आहे म्हणून?"

जे मिळवायला कुनेगुंडा उठून आली होती, ते तिच्या पदरात पडलं होतं. आता फक्त 'हो' म्हणायचं आणि त्या खोलीत जाऊन सांगायचं. तिने 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "तुझी प्रार्थना तुझी तू सांग. जशी सांगतेस तशी. सेवेरिनचं मी बघते."

ती बाहेर आली तेव्हा हंस तसाच होता. त्याच्यावरची चरबी थिजायला लागली होती.

"ती तयार आहे," ती म्हणाली.

योझेफाने सुस्कारा सोडला. सेवेरिनने मान वर केली.

"आणि मी तिला नको म्हणून सांगून आलेय."

"काय?" वालेंटी आणि योझेफा एकदमच म्हणाले.

"आत्या!" सेवेरिन उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "तू? तू तर माझ्या बाजूने होतीस!"

"अजून आहे. खाली बस. नाहीतर नको बसूस, आधी आत जा आणि बहिणीचा उजवा हात बघून ये. डॉक्टर व्हायचंय ना? पहिला रोगी आत बसलाय. माझ्यासाठी म्हणून नको, तुझं तू बघ आणि मग मला काय बोलायचं ते बोल."

तो गेला. खसखशीचा आवाज थांबला. आत दोघं काय बोलली ते बाहेर ऐकू आलं नाही. कुनेगुंडाने तेवढ्या वेळात पेलाचं आजोबांबद्दलचं बोलणं सांगितलं, आहे तसं. सांगून झालं तेव्हा लिस्नरांनी चष्मा काढला होता आणि वालेंटी भिंतीकडे बघत होता.

"ओळीत बसत नाही म्हणाली?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हाताऱ्याने तिलाही तसंच शिकवलं तर." त्याने नाक ओढलं. "उद्या मी कुठेही जाऊन काहीही म्हणणार नाही. योझेफा, तू मला काय वाटेल ते बोल."

योझेफा बोलली नाही. ती दाराकडे बघत होती, कारण दारात सेवेरिन येऊन उभा होता. त्याचे कान आता लाल नव्हते, चेहराच पांढरा होता.

"हाडं शाबूत आहेत," तो म्हणाला. "थंड पाण्याच्या पट्ट्या हव्यात. आई, तुला सांगितलं नाही तिने. रागावू नकोस." योझेफा धावत आत गेली. तो तिथेच उभा राहिला. "तिला वाटतं, मी तिच्यावर चिडलोय. आहेच चिडलेला. पण तिने उत्तर द्यायचं नाही. त्या छडीनंतर तर नाहीच. फक्त कुणी असं म्हणू नका की मी त्याग केला. मला परीक्षा हवी आहे. मला ती अजूनही हवी आहे."

"मग ती मिळव," कुनेगुंडा म्हणाली. "लिस्नरकाका, क्राकुवला तुमचा माणूस आहे ना? पिसं पाठवतो तो?"

"आहे. लाइब. बायको चांगली आहे, बडबडी आहे." लिस्नरांनी चष्मा पुन्हा लावला. "अच्छा. असं म्हणतेस."

"तिथे राज्य ऑस्ट्रियाचं. शाळा पोलिश. तिथली परीक्षा दिली की विद्यापीठ तिथेच."

"वर्ष जाईल," सेवेरिन म्हणाला.

"जाईल."

"त्यांचं व्याकरण मला येत नाही. मी सगळं जर्मनमध्ये शिकलोय."

"शिकशील. ग्रीक शिकलास, पोलिश नाही येणार?"

त्याला हसू आलं. त्याला ते येऊ द्यायचं नव्हतं, पण आलं.

"लाइबकडे खोली आहे," लिस्नर म्हणाले. "मी आजच तार करतो, रविवार तुमचा, माझा सुट्टीचा वार काल झाला. गंमत बघा. माझी दोन्ही मुलं बर्लिनला गेली. तिथे घरात जर्मन, बाहेर जर्मन, नातवंडं मला 'ग्रोसपापा' म्हणतात. मी घरी हिब्रूमध्ये प्रार्थना केली, बाजारात पोलिश बोललो, कचेरीत जर्मन. मला वाटायचं, एवढ्या भाषा आल्या की माणूस कुठेही राहू शकतो. माझी मुलं इथेच राहिली नाहीत. तुमचा तरी परत यावा."

आता राहिला होता ऑगस्ट. आपण त्याच्याकडे बघत नाही, असं सगळे दाखवत होते. भाची उत्तर देत नाही, भाचा पळून जातो, आणि हा सरकारच्या रेल्वेत नोकरी करतो. दूर पश्चिमेला वेस्टफालियात बदली व्हायला याहून लहान कारण पुरतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुनेगुंडालाही.

ऑगस्टने हातरुमालाची घडी खिशात घातली.

"नाव त्यांनी काढण्याआधी आपणच सोडायचं," तो म्हणाला. "उद्या सकाळी मी मुख्याध्यापकांकडून दाखला मागतो. काढून टाकलेल्या मुलाचा दाखला वेगळा असतो, सोडून गेलेल्याचा वेगळा. मग बाराची ब्रेस्लाउची गाडी, तिथून पुढे क्राकुव. ट्रंकेचं कुलूप खराब आहे, दोरी लागेल."

"तुमच्या साहेबांनी विचारलं तर?" वालेंटीने विचारलं. या वेळी त्याने जावईबापू म्हटलं नाही.

"सांगेन, एका प्रवाशाला गाडीत बसवलं. त्याचाच मला पगार मिळतो."

वालेंटीने सुरी उचलली. हंसाची पहिली, सगळ्यात मोठी फोड कापून त्याने ऑगस्टच्या ताटात ठेवली. "थंड झाला," तो म्हणाला. "पण खा."

संध्याकाळी ऑगस्ट सेवेरिनला घेऊन शहरात परतला. रात्री कुनेगुंडा माहेरीच राहिली. सकाळी तिने आईची पेटी उघडली. लग्नाआधी घालायची तो पोशाख तिथे होता. बांबेर्गवाल्या बायकांचा, एकावर एक घोळदार परकर, भरतकाम केलेला एप्रन, खांद्यावरची फुलांची शाल. कंबरेला तो आता घट्ट झाला होता. योझेफाने मागून दोऱ्या ओढल्या.

"श्वास घेता येतोय का, वन्सं?"

"घेईन. ओढ तू."

दोघींनी मडक्यात बटाटे भरले, वर दही-चक्का ठेवला, गोधडीत गुंडाळलं आणि निघाल्या. शाळेच्या खिडकीशी बाकीच्या बायका आधीच उभ्या होत्या. शहरवाल्या ब्रांटबाईंना त्या पोशाखात बघून त्यांनी सरकून जागा दिली.

धर्माचा तास सुरू झाला होता. फळ्यापाशी गेर्लाख मास्तर आणि त्यांच्याशेजारी काळ्या कोटातले इन्स्पेक्टर. बाकांवर मुलं, हात पुढ्यात, तोंडं मिटलेली.

"पेलागिया डोर्नर."

पेला उभी राहिली. उजव्या हाताला योझेफाने बांधलेली पट्टी होती.

"प्रार्थना म्हण."

वर्गात चूल नव्हती, मुलांच्या तोंडातून वाफ येत होती. पेलाच्या तोंडातून आली ती फक्त वाफच. मास्तरांनी छडी टेबलावर आपटली, पुन्हा विचारलं. पेलाने मान थोडी खाली घातली. बाहेरून, खिडकीच्या कोनातून, कुनेगुंडाला बाकाखालचा तिचा डावा हात दिसत होता. खड्डा, रोप, माती. खड्डा, रोप, माती.

शाळेमागच्या रुळांवर बाराची ब्रेस्लाउची गाडी आली. फाटकापाशी तिने शिट्टी दिली, रोजच्यासारखी लांब. योझेफाने मडकं छातीशी घट्ट धरलं आणि गाडीकडे वळून पाहिलं नाही. आत पेलाचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

इन्स्पेक्टर खिडकीशी आले. बायकांच्या रांगेत त्यांना तो परकर, ती शाल दिसली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"तुम्ही तरी आपल्यातल्या आहात, बाई," ते जर्मनमध्ये म्हणाले. "त्या मुलीला समजवा. नुसती उभी राहून वेळ घालवतेय."

ब्रांटबाईंना चांगलं जर्मन येत होतं. त्यांच्या घरात रोज बोललं जायचं, प्रेमाने बोललं जायचं. त्यांनी त्यातच उत्तर दिलं, सावकाश, एकही शब्द न चुकता.

"ती कामात आहे, साहेब. तिची ओळ पूर्ण होऊ द्या."